पार्सल फुटू नये म्हणून पॅकिंग कसे करावे

खोक्यावर लाल अक्षरांत ‘नाजूक वस्तू, जपून हाताळा’ असे लिहिले की आपली जबाबदारी संपली, असे बऱ्याच जणांना वाटते. पण मोठ्या गोदामात पार्सल सरकत्या पट्ट्यांवरून आणि घसरगुंड्यांवरून पुढे जाते, आणि तिथल्या यंत्राला वाचता येतो तो फक्त बारकोड. माणसाच्या हातात ते येते तेव्हाही त्याच्यामागे शेकडो पार्सले रांगेत असतात. स्टिकर लावायचे तर लावा, पण पॅकिंग मात्र ते नसल्यासारखेच करा.

पार्सल पडणारच, असे धरून चाला. पॅकिंगच्या चाचण्या ठरवणारी ‘इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन’ नावाची संस्था आहे. तिच्या एका प्राथमिक चाचणीत दहा किलोच्या आतले पार्सल ७६ सेंटीमीटर उंचीवरून १० वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि एकेकदा सहाही बाजूंवर. ७६ सेंटीमीटर म्हणजे साधारण टेबलाची उंची. शिवाय वाटेत त्याच्यावर दुसरी जड खोकी रचली जातात, ट्रकमध्ये ते तासन्‌तास थरथरते आणि कधी थोडे भिजतेही.

यातल्या पडण्याचे गणित एकदा समजले की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. वस्तू फुटते ती पडल्यामुळे नव्हे, फार कमी अंतरात थांबल्यामुळे. ७५ सेंटीमीटरवरून पडलेली वस्तू ३ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५० पट असतो. तीच वस्तू ३ सेंटीमीटर गादी (म्हणजे भोवतालचा दबणारा मऊ थर) दाबत थांबली तर तो सुमारे २५ पटींवर येतो. (गादी एकसारखी दबत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून जास्त येतात, पण प्रमाण ध्यानात यावे.) उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, तेच काम इथे गादीने करायचे. म्हणजे चांगल्या पॅकिंगला दोन गोष्टी साधाव्या लागतात: वस्तू एरवी जागची हलू नये, आणि धक्का बसला की तिला थांबायला थोडे अंतर मिळावे.

१. आधी वस्तूचा कमकुवत भाग शोधा

कपाचा कान, किटलीची चोच, मूर्तीचा पुढे आलेला हात, यंत्राचा दांडा किंवा बटण. बहुतेक वेळा मोडते ते हेच. जे सुटे करता येते ते सुटे करून वेगळे गुंडाळा. झाकण भांड्यावर ठेवून पाठवू नका. थरथरीत दोन्हींच्या कडा एकमेकींवर आपटून टवके उडतात. पोकळ भांड्यात आतून चुरगळलेला कागद भरा. जो भाग सुटा होत नाही, त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा राहील आणि वजन वस्तूच्या भक्कम अंगावर पेलले जाईल, अशी रचना करा. बाहेर आलेल्या भागावर भाराभर बबल रॅप गुंडाळला तर तोच भाग खोक्याला टेकतो आणि सगळा मार त्याच्यावर येतो.

२. खोका निवडा

नालीदार पुठ्ठ्याची ताकद त्याच्या आतल्या नागमोडी थरात असते. अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये अमेरिकेत या कागदाचे पेटंट घेतले, ते बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी. त्याचे खोके नंतर आले. हलक्या वस्तूंना तीन प्लायचा, म्हणजे कागदाच्या तीन थरांचा, खोका पुरतो. जड किंवा नाजूक वस्तूला पाच प्लायचाच घ्या. पुठ्ठ्यातल्या नागमोडी थराच्या पन्हळी उभ्या असतील अशा बेताने खोका ठेवला तर तो वरचा भार उत्तम पेलतो. यात सर्वाधिक वाटा चार उभ्या कोपऱ्यांचा असतो. म्हणून कोपरा चेपलेला खोका बाकी कितीही नवा दिसला तरी बाजूला काढा. एकदा ओला होऊन वाळलेला खोकाही नको, त्याचे कागद आतून सुटलेले असतात. जुना खोका वापरायला हरकत नाही, पण तो दाबून पाहा. पुठ्ठा ताठ उभा राहिला पाहिजे, लुळा पडता कामा नये.

आकार ठरवताना वस्तूच्या प्रत्येक बाजूला साधारण ५ सेंटीमीटर गादी बसेल एवढी जागा धरा. त्याहून फार मोठा खोका घेतला तर आतली पोकळी भरताना नाकी नऊ येतात आणि वाहतूक खर्चही वाढतो. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच वजन म्हणून धरतात. ४० × ३० × ३० सेंटीमीटरचा खोका या हिशेबाने ७.२ किलोचा होतो, मग आत पिसे का असेनात.

३. वस्तू गुंडाळा

पहिला थर वस्तूच्या पृष्ठभागासाठी. पॉलिश, रंग किंवा वार्निश असेल तर आधी मऊ, कोरा कागद किंवा पातळ फोम लावा आणि मग बबल रॅप. बुडबुडे थेट पॉलिशवर दाबले गेले की गोल डाग उमटू शकतात. वर्तमानपत्राची शाई फिकट रंगाच्या वस्तूला लागते, त्यामुळे त्याचा उपयोग फार तर बाहेरच्या पोकळीत करा. बबल रॅपचे बुडबुडे आतल्या बाजूला ठेवा. लहान बुडबुडे गुंडाळायला, मोठे बुडबुडे मधली जागा भरायला. वस्तू जड असेल तर तिच्याखाली बुडबुडे फुटून सपाट होतात, तिथे फोमच हवा. चिकटपट्टी वस्तूला न चिकटता गुंडाळीलाच चिकटेल हे बघा.

४. गादी घाला

भरण आणि गादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक नुकसान या दोन्हींची गल्लत केल्याने होते. हवेच्या पिशव्या किंवा सैल चुरगळलेला कागद मोकळी जागा भरतात, जड वस्तूला पेलत नाहीत. थर्माकोलचे सुटे दाणे तर थरथरीत पाण्यासारखे वाहतात. वस्तू हळूहळू खाली सरकत खोक्याच्या तळाला टेकते. दाणे वापरायचेच असतील तर हलक्या वस्तूला वापरा आणि गच्च भरा.

तळाशी ५ सेंटीमीटरचा थर आधी पसरा. वस्तू मधोमध ठेवा आणि चारही बाजू भरत वर या. कागद वापरत असाल तर घट्ट गोळे करा. हाताने दाबल्यावर गोळा किंचित दबून परत उठला पाहिजे. दगडासारखा ठासलेला कागद धक्का जसाच्या तसा आत पोहोचवतो, त्यामुळे ‘जितके गच्च तितके चांगले’ हा समजही खरा नाही. वरचा थर खोक्याच्या कडेपेक्षा थोडासा उंच असावा, म्हणजे झाकणे हलका दाब देऊन बंद होतात. मात्र खोका फुगला तर त्याच्यावर दुसरा खोका नीट बसत नाही आणि भार एकाच जागी येतो.

आता झाकणे धरून खोका हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. इथे कंटाळा करू नका.

एकाच खोक्यात अनेक वस्तू असतील तर प्रत्येक वेगळी गुंडाळा आणि मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे करा. जड वस्तू तळाशी. काचेला काच लागता कामा नये.

५. फारच नाजूक असेल तर खोक्यात खोका

काच, चिनी माती, कॅमेरा, वाद्ये यांसाठी याहून भरवशाचा उपाय नाही. आतला खोका वस्तूला घट्ट धरून ठेवतो. बाहेरचा खोका त्याच्यापेक्षा प्रत्येक बाजूने ५ ते ८ सेंटीमीटर मोठा घ्या आणि मधल्या जागेत गादी भरा. बाहेरचा कोपरा आत चेपला तरी तो वस्तूपर्यंत पोहोचत नाही.

काही वस्तूंच्या स्वतःच्या खोडी आहेत. ताटल्या आडव्या रचू नका, फाइली ठेवतो तशा उभ्या ठेवा. आडव्या ताटलीवर वरचा भार थेट मधोमध पडतो. काचेच्या फ्रेमवर कागदी चिकटपट्टीची फुली मारली तरी काच फुटायची थांबत नाही, पण फुटल्यावर तुकडे चित्रावर घासत फिरत नाहीत. पुस्तकांचे कोपरे चेपतात: आधी प्लॅस्टिकमध्ये, मग पुठ्ठा पुस्तकाच्या कडेबाहेर बोटभर राहील असा गुंडाळा. पुस्तकांचे खोके लहानच ठेवा, नाहीतर उचलणाऱ्याच्या हातून तळ सुटतो. द्रवाच्या बाटलीचे झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, झाकण घट्ट लावा, त्यावर टेप लावा, आणि बाटली शोषून घेणाऱ्या कागदासह बंद पिशवीत घाला. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तूंना, विशेषतः विमानाने जाणाऱ्यांना, वेगळे नियम असतात. ते वाहतूक कंपनीला आधी विचारा.

६. टेप

५ सेंटीमीटर रुंदीचा पॅकिंग टेप वापरा. घरातली बारीक सेलोटेप इथे कुचकामी. मधल्या फटीवर एक लांब पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक आडवी पट्टी, खालीही तसेच. मधली पट्टी दोन्ही बाजूंना ५ ते ७ सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे. पुठ्ठ्यावरची धूळ आधी पुसा, नाहीतर टेप सुटतो. सुतळी बांधू नका, ती यंत्रात अडकते.

७. पत्ता

जुनी लेबले आणि बारकोड सोलून काढा किंवा पूर्ण झाका. त्यांच्यामुळे पार्सल भलतीकडे जाऊ शकते. नवे लेबल सगळ्यात मोठ्या सपाट बाजूला लावा. ते कडेवरून दुमडू नका आणि फटीवर चिकटवू नका. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका. बाहेरचे लेबल फाटले तर तेवढाच आधार उरतो.

८. पाडून बघा

एकाच प्रकारचा माल वारंवार पाठवणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. तेवढ्याच वजनाची कमी मोलाची वस्तू तशीच पॅक करा आणि टेबलाच्या उंचीवरून पाडा, कोपऱ्यावर आणि कडांवरसुद्धा. मग उघडून गादी कुठे सरकली, वस्तू कोणत्या बाजूला झुकली ते पाहा. पॅकिंग कुठे वाढवायचे आणि कुठे उगाच जास्त झाले आहे, दोन्ही तिथेच दिसते.

पाठवण्याआधी वस्तूचा, आतल्या थरांचा आणि बंद खोक्याचा फोटो काढून ठेवा. घेणाऱ्यालाही आधीच कळवा: खोका चेपलेला किंवा ओला दिसला तर उघडण्यापूर्वी फोटो काढायचा, आणि वस्तू फुटलेली निघाली तर खोका व आतले भरण टाकून द्यायचे नाही. भरपाईचा दावा तपासताना वाहतूक कंपनी हे सगळे पाहायला मागते.