मंत्रात सापडलेले शब्द

जीआरईची, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची, तयारी सुरू केली तेव्हा माझ्याकडे शब्दांची लांबलचक यादी होती आणि रोज ३० शब्द पाठ करायचा निश्चय. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचे शब्द आठवून पाहिले, तर जेमतेम पाच-सहा निघाले. 'एक्सक्रुशिएटिंग' तिसऱ्यांदा विसरलो होतो.

त्याच आठवड्यात वैतागून हॅरी पॉटरचा चौथा भाग लावला. त्यात भर वर्गात एका कोळ्यावर 'क्रूशिओ' हा मंत्र चालवून दाखवतात. कोळी तडफडत राहतो, बघवत नाही. आणि एकदम ट्यूब पेटली: एक्स-'क्रूशि'-एटिंग! दोन्ही शब्द आले लॅटिनमधून, क्रूस आणि त्यावरच्या छळापासून. 'असह्य वेदनांचा' हा अर्थ पुन्हा पाठ करावा लागला नाही. मग बाकीचे मंत्रही उसवून पाहिले. 'ल्युमोस'मध्ये उजेड आहे, म्हणून ल्युमिनस, इल्युमिनेट. 'ऑब्लिव्हिएट' म्हटलं की समोरच्याच्या आठवणी पुसल्या जातात, त्यावरून ऑब्लिव्हिअन, म्हणजे विस्मृती. इथे मात्र जरा जपून. ऑब्लिव्हिअस माणूस काही विसरलेला असतोच असं नाही. बहुतेकदा आजूबाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो. जीआरईत हा बारीक फरकच नडतो, कारण तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात दोन बरोबर आल्या तरी गुण शून्य.

माझी खरी फजिती 'इन्सेप्शन'ने केली. २०१०चा तो चित्रपट पाहून 'एकात एक दडलेलं' असा अर्थ डोक्यात पक्का बसला होता. सरावाच्या निबंधात तसाच ठोकून दिला. तपासणाऱ्या मैत्रिणीने समासात लिहिलं, "म्हणजे सुरुवात ना?" शब्दकोश उघडला, तर खरंच प्रारंभ. चित्रपटातही कुणाच्या मनात विचाराचं बी पेरणं याला ते नाव आहे, स्वप्नातल्या स्वप्नाला नाही. मीच नीट ऐकलं नव्हतं.

'गॅसलाइट'ची गोष्ट याच्या उलट. तो शब्दच १९३८च्या एका नाटकातून आणि त्यावरच्या १९४४च्या चित्रपटातून रुळला. घरातले गॅसचे दिवे मंद होतात, बायकोला ते दिसतं, आणि तिला वेड लागतंय असं नवरा तिलाच पटवत राहतो. हा प्रसंग माहीत असेल तर साध्या खोटं बोलण्याला तुम्ही गॅसलाइटिंग म्हणणार नाही. हल्ली सर्रास म्हणतात, ते सोडा.

यातून वहीची एक पद्धत ठरली. शब्द, त्याखाली एका ओळीत प्रसंग, मग शब्दकोशातला अर्थ, आणि शेवटी त्या चित्रपटाशी काडीचा संबंध नसलेलं माझं स्वतःचं वाक्य. हे शेवटचं वाक्य टाळायचा मोह होतो, पण शब्द खरा कळलाय का, ते तिथेच उघडं पडतं. दिवसाला चार-पाच शब्द पुरे. सबटायटल्स इंग्रजीच ठेवा. मराठी ठेवलीत तर नुसती गोष्ट कळते. आणि दर दोन मिनिटांनी थांबवत बसू नका, मजा जाते. मी आधी सलग बघायचो, दुसऱ्यांदा बघताना शब्द टिपायचो.

'ऑल्बीइट' (जरी) आणि 'नॉटविथस्टँडिंग' (असं असूनही) यांच्यासाठी मात्र अजून एकही प्रसंग सापडलेला नाही. ते घोकूनच पाठ केले.