शहरातली छोटी पुस्तकांची दुकानं कशी फिरावीत

एका दिवसात अख्खं शहर पालथं घालायचा बेत करू नका. शहराचा एक भाग, तीन दुकानं, अर्धा दिवस, एवढंच झेपतं. दुकानाला पाऊण तास आणि मधली पंधरा-वीस मिनिटांची चाल धरली, की तीन तास होतात. त्यानंतर नजर कपाटांवरून नुसती घसरत जाते. नावं दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत.

नकाशात ‘पुस्तकांचं दुकान’ एवढंच शोधलं, तर वह्या-पेनं आणि शालेय गाइडं विकणारी दुकानंच भराभर समोर येतात. ‘जुनी पुस्तकं’, ‘सेकंडहँड’, ‘दुर्मिळ पुस्तकं’ असं वेगवेगळं टाकून पाहा. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी दुकानं बहुधा मुख्य रस्त्यावर नसतात, कारण तिथलं भाडं परवडत नाही. ती आतल्या बोळात, पहिल्या मजल्यावर किंवा तळघरात सापडतात, तेव्हा पाट्या वाचताना मान वरही करा. नकाशातल्या वेळेवर मात्र विसंबू नका. एकट्या माणसाचं दुकान त्याच्या सोयीनं उघडतं, आणि कायमचं बंद झालेलं दुकानही नकाशावर बरेच दिवस चालू दिसतं. निघण्याआधी फोन करा.

तिन्हींचा क्रमही ठरवून घ्या. जुन्या पुस्तकांचं दुकान आधी, नव्यांचं शेवटी. जुन्या पुस्तकाची एकच प्रत असते आणि ती शोधायला ताजी नजर लागते. नवं पुस्तक नसलं तर मागवता येतं. जवळच्या पैशांचेही दुकानांप्रमाणे तीन भाग करा, नाहीतर पहिल्याच दुकानात खिसा रिकामा होतो. ओझ्याचाही अंदाज हवा: ए-५ आकाराच्या, ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाच्या ३०० पानांचं वजन सुमारे ३७५ ग्रॅम भरतं, म्हणजे दहा पुस्तकं पावणेचार किलो, कव्हरांचं वजन वेगळं. कापडी पिशवीचे बंद खांद्यात रुततात, त्यामुळे पाठीवरची सॅक बरी. पावसाळ्यात आत एक प्लॅस्टिकची पिशवी असू द्या.

आत गेल्यावर सॅक काउंटरवर ठेवा आणि कशालाही हात न लावता एक फेरी मारा. दाराजवळच्या टेबलावर मालकानं काय मांडलंय त्यावरून त्याची आवड कळते. मग ज्या विषयातलं तुम्हाला सगळ्यात जास्त कळतं, त्याच कपाटापाशी जा. तिथे फक्त नेहमीची खपाऊ नावं असतील, तर बाकीची कपाटंही बहुधा तशीच निघतील. तिथे एखादं अनपेक्षित पुस्तक दिसलं, तर मात्र इथे पाऊण तासाचा नियम मोडायला हरकत नाही. सगळ्यात खालचा कप्पा आणि जमिनीवरच्या चळती चुकवू नका. लोक वाकायचा कंटाळा करतात, म्हणून चांगल्या गोष्टी तिथेच शिल्लक राहतात. चळतीतलं पुस्तक मधूनच ओढू नका, वरची उचलून बाजूला ठेवा. कपाटातलं पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकात बोट अडकवून खेचलं तर ते टोक फाटतं. दोन्ही बाजूंची पुस्तकं किंचित आत ढकला आणि हवं ते मधोमध धरून काढा.

मालकाला ‘काहीतरी चांगलं दाखवा’ म्हणालात, तर खपणारं पुस्तकच हातात पडेल. त्यापेक्षा अलीकडे आवडलेली दोन आणि अर्ध्यात सोडलेलं एक पुस्तक सांगा. सोडलेल्या पुस्तकावरूनच त्याला तुमचा नेमका अंदाज येतो. कपाटांचे फोटो विचारून काढा. आणि त्याच्यासमोर उभं राहून ऑनलाइन किंमत पडताळणं टाळाच: प्रकाशकाकडून मिळणाऱ्या सवलतीतूनच त्याचं भाडं, पगार आणि वीजबिल निघतं.

विकत घेण्याआधी तपासायला दोन मिनिटं द्या. पुस्तकं फर्म्यांत छापतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, बहुतेकदा १६ पानांच्या. त्यामुळे बांधणीतली चूकही तेवढ्याच पानांची असते: ६४ नंतर एकदम ८१, किंवा ४९ ते ६४ दोनदा. सुरुवातीच्या पानांमुळे हे आकडे थोडे पुढेमागे होतात. पृष्ठक्रमांकावर नजर ठेवून पानं भराभर उलटली की ही चूक सापडते. नव्या पुस्तकातही हे करा, बिल जपून ठेवा, प्रत बदलून मिळते.

जुन्या पुस्तकात तपकिरी ठिपके दिसले तर वाचायला अडत नाही. कुबट वास वेगळा. तो बुरशीचा असू शकतो आणि शेजारच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. बारीक गोल भोकं आणि पान उलटताना भुरभुरणारी ताजी पूड म्हणजे कीड अजून जिवंत आहे. ते पुस्तक ठेवून द्या. सोडवतच नसेल, तर घरी पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

‘पहिली आवृत्ती’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर छपाईची माहिती असलेलं पान उघडा. तिथे आकड्यांची ओळ असेल तर त्यातला सगळ्यात लहान आकडा कितवी छपाई ते सांगतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, १३ अंकी असेल तर ती प्रत २००७ च्या आसपासची किंवा नंतरची. त्याआधी तो दहा अंकी असे. १९६० ची म्हणून दाखवलेल्या प्रतीवर आयएसबीएन छापलेला दिसला, तर ते नंतरचं पुनर्मुद्रण आहे, कारण ही पद्धतच पुढच्या दशकात रुळली.

घासाघीस एका पुस्तकावर करू नका. चार-पाच एकत्र घेताना ‘मिळून किती?’ एवढं विचारलं की पुरतं. पुस्तक मागवायचं असेल तर नाव, प्रकाशक आणि आयएसबीएन लिहून द्या. नुसतं नाव दिलं की भलतीच आवृत्ती येते. आलं की वेळेवर घेऊन जा, प्रकाशक ते परत घेईलच असं नसतं.

बाहेर पडताच, पुढच्या दुकानात शिरण्याआधी, दोन ओळी टिपून ठेवा: कुठलं कपाट भक्कम, सुट्टी कधी, नवा माल कुठल्या वारी लागतो. तो वार विचारल्यावर बहुतेक मालक आनंदानं सांगतात. पुढची फेरी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.