रास्पबेरी पाय ४ एसएसडीवरून बूट करायचा, तर सेटिंग कुठे बदलायचं?

आमच्याकडे लाईट सांगून जात नाही. लिहिणं चालू असताना ती गेली की एसडी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडू शकते, आणि पाय (हा तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) चोवीस तास चालू ठेवलात तर कधीतरी ही वेळ येतेच. एसएसडीलाही (चिपवर साठवणारी डिस्क) अचानक वीज गेलेली मानवत नाही, पण सततचं लिहिणं ती कार्डापेक्षा खूप जास्त सोसते. म्हणून आयटीआयमधल्या माझ्या मुलांना मी लिनक्सच्या दोन-चार कमांड झाल्या की लगेच हेच करायला लावते. (कमांड खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पाय ३ पर्यंत बूटलोडर (वीज मिळताच सिस्टिम शोधून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कार्डावरच्या बूटकोड डॉट बिन या फाइलीत असायचा. २०१९ साली आलेल्या पाय ४ मध्ये तो बोर्डवरच्या ईईप्रॉम चिपमध्ये (वीज गेली तरी लिहिलेलं जपणारी चिप) गेला. त्यामुळे 'कुठून बूट करायचं' हे चिपमध्ये ठरतं, आणि 'बूट होताना काय चालू-बंद ठेवायचं' हे कॉन्फिग डॉट टीएक्सटी या सेटिंगच्या फाइलीमध्ये. मुलं पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात शोधत बसतात.

बूटलोडर ताजा करून घ्या. सुरुवातीच्या पाय ४ बोर्डांवरच्या बूटलोडरला यूएसबीवरून बूट करता येतच नव्हतं. सुडो एपीटी फुल-अपग्रेड, मग सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट -ए, आणि रीबूट. रीबूट होताना चिपवर लिहिलं जातं, तेव्हा तेवढा वेळ बोर्ड इन्व्हर्टरच्या सॉकेटवर ठेवा.

आता व्हीसीजेनसीएमडी बूटलोडर_कॉन्फिग चालवा. त्यात बूट_ऑर्डर नावाची ओळ दिसेल, बहुधा ०एक्सएफ४१. ही उजवीकडून डावीकडे वाचायची: १ म्हणजे एसडी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे काहीच सापडलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. (२ नेटवर्कसाठी. ६ एनव्हीएमईसाठी, तो आकडा पाय ५ वाल्यांच्या कामाचा.)

माझं मत विचाराल तर हा क्रम बदलूच नका. कार्ड काढून ठेवलं की पाय आपोआप यूएसबीकडे वळतो. शिवाय एसएसडी कधी रुसली तर खिशातलं कार्ड घालायचं की पाय त्यावरून उठतो. ०एक्सएफ१४ केलंत आणि यूएसबीवर काही सापडलं नाही, तर तो आधी तिकडेच वाट पाहत बसतो आणि मग कार्डाकडे येतो. कार्ड आत ठेवूनच एसएसडीवरून चालवायचं असेल तेव्हाच क्रम बदला. त्यासाठी सुडो रास्पी-कॉन्फिग, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, बूट ऑर्डर, आणि यूएसबीचा पर्याय निवडा. आकडे हाताने लिहायची हौस असेल तर सुडो आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग --एडिट.

एसएसडीवर सिस्टिम नेताना डेस्कटॉपवरचं एसडी कार्ड कॉपियर वापरा आणि 'न्यू पार्टिशन यूयूआयडीज' वर टिक करा. ही टिक करायची राहून गेली आणि कार्डही आतच असलं, तर दोन्हींची ओळख एकच होते. बूट एकीकडून आणि रूट फाइल सिस्टिम (सिस्टिमच्या मुख्य फाइली) दुसरीकडून असा घोळ होऊ शकतो, आणि वरवर सगळं सुरळीत दिसतं. फाइंडएमएनटी / ही कमांड रूट कुठून आलं ते सांगते. एसडीए दिसलं तर एसएसडी, एमएमसीबीएलके० दिसलं तर कार्ड.

एसएसडी निळ्या पोर्टात लावा. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. मोबाईलच्या चार्जरवर भागवू नका, ३ अँपिअरचा अॅडॅप्टर घ्या. तरीही डिस्क मध्येच गायब होत असेल तर दोष बऱ्याचदा एसएसडी यूएसबीला जोडणाऱ्या साटा केबलमधल्या चिपचा असतो. एलएसयूएसबीने तिचा आयडी बघा आणि सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीच्या सुरुवातीला यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स = आयडी:यू असं लिहा, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा न सोडता. त्या फाइलीत सगळं एकाच ओळीत हवं. एंटर दाबलात तर बूट अडेल.

कॉन्फिग डॉट टीएक्सटी बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये आहे. बदलण्याआधी तिची प्रत काढा. नवी ओळ शेवटी लिहिताना वर चौकटी कंसात 'ऑल' आहे ना ते बघा. एखाद्या विशिष्ट मॉडेलच्या कंसाखाली लिहिलेली ओळ तुमचा बोर्ड मुकाट्याने सोडून देतो. सुरू होतानाचा इंद्रधनुषी पडदा नको असेल तर डिसेबल_स्प्लॅश=१ पुरे. ब्लूटूथ लागत नसेल तर डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी. बाकी ओळी कळल्याशिवाय उचलून चिकटवू नका.

पाय ३ बी वाल्यांनी मात्र थांबून विचार करावा. तिथे यूएसबी बूट चालू करणारा बिट (चिपमधली एक खूण) एकदाच लिहिला जातो आणि कायमचा राहतो. कार्डावरचं बूट त्याने बंद पडत नाही, पण मागे फिरता येत नाही. ३ बी प्लसमध्ये तो आधीपासूनच असतो.

आणि पाय ४ चं ईईप्रॉम बिघडलंच, तर रास्पबेरी पाय इमेजरमध्ये मिस्क युटिलिटी इमेजेस, त्यात बूटलोडर. ते एका जुन्या कार्डावर लिहा, कार्ड घाला, वीज द्या. हिरवा दिवा एकसारखा लुकलुकायला लागला आणि टीव्हीवर पूर्ण हिरवा पडदा आला की काम झालं. मग वीज बंद करून कार्ड काढा आणि बूट_ऑर्डर पुन्हा तपासा, कारण जुनी सगळी सेटिंग पुसलेली असतात.