‘ना’ लावून विचारू नका

आमच्याकडे बाळंतिणींच्या मनाच्या तपासणीचं प्रशिक्षण सुरू झाल्यापासून नव्या सिस्टर विचारतात, काय वाचू? स्लाइड्स तुम्हाला मिळाल्यात. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली १९८७ ची, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, ३० पैकी गुण. ते पुन्हा सांगत बसत नाही. मी कुठे आपटले ते सांगते.

पहिल्या महिन्यात मी बावीस फॉर्म भरले. दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, सगळीकडे शून्य. मला वाटलं, आमच्या भागातल्या बाया खमक्या! मग एकदा इन्चार्ज सिस्टर शेजारी येऊन बसल्या. मी समोरच्या बाळंतिणीला विचारलं, “तसलं काही मनात येत नाही ना?” तिनं मान हलवली. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, “तू विचारलंस कुठे? उत्तरच देऊन आलीस.”

आपली जीभच तशी वळलीय. दूध येतंय ना? टाके दुखत नाहीत ना? गोळ्या घेतेस ना? ‘ना’ म्हटलं की समोरची आपल्याला हवं तेच बोलते, त्यात शेजारी सासू बसलेली असली तर बघायलाच नको. मी वहीत प्रश्न ‘का’ लावून लिहून काढले आणि घरी मोठ्यानं म्हटले. नवरा हसला. हसू दे.

त्याच बाईकडे परत गेले. “आत्या, तेवढा केसपेपर काढून आणता का?” म्हणून सासूला बाहेर पाठवलं. “गेल्या आठवड्यात जिवाचं काही करून घ्यावं असं मनात आलं का? कधी तरी, की बऱ्याचदा?” आणि गप्प बसले. हे गप्प बसणं फार जड जातं. ती दुपट्याचं टोक दुमडत राहिली. मग म्हणाली, “रात्री येतं. बाळ रडायचं थांबलं की.”

एकूण बेरीज ९. तेराच्या खाली म्हणून फाइल बंद झाली असती. दहाव्यात एक गुण जरी आला, तरी बेरीज बघायची नाही. तिला एकटीला सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तिच्यासमोर लावून द्या, पण नंबर दिला म्हणजे आपलं काम संपलं, असं नाही.

विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरत नाही. माझेही हात थरथरले होते. उपचार तुम्हाला करायचे नाहीत, घाबरू नका. गोव्यात तर ‘थिंकिंग हेल्दी’साठी, म्हणजे नैराश्यातल्या आयांना बोलून आधार द्यायच्या उपक्रमासाठी, गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं होतं, डॉक्टरकीची पदवी नसलेल्या.

हल्ली फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवायची टूम निघालीय. फोन नवऱ्याच्या खिशात असतो, एवढंच म्हणते. आणि एका दिवसाच्या ऑनलाइन सर्टिफिकेटपेक्षा शेजारी बसून चूक दाखवणारी एक कडक सिस्टर शोधा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. पण झोपच नाही, भलतंसलतं बोलणं, बाळाबद्दल विचित्र संशय असं दिसलं, तर फॉर्म काढत बसू नका. ‘बाहेरचं’ म्हणून घरचे अंगारा लावायच्या आत तिला मोठ्या दवाखान्यात पोचवा.

ती बाई परवा बाळाला नऊ महिन्यांच्या लसीला घेऊन आली. मी सवयीनं म्हटलं, “बरी आहेस ना?” जीभ चावली, खुर्ची ओढली आणि परत विचारलं.