व्यभिचाराची जुनी शिक्षा आज लागू आहे का? वचन असं तपासा

‘ग्रंथात लिहिलंय’ एवढ्यावर भागत नाही. आधी मूळ वचन काढा. बायबलमध्ये लेवीय 20:10 आणि अनुवाद 22:22 (पुस्तकाचं नाव, अध्याय:वचन) उघडा: मृत्युदंड पुरुष आणि स्त्री दोघांनाही आहे. एकट्या बाईकडे बोट दाखवणारा इथेच फसतो.

मग पुरावा पाहा. खरी मेख तिथेच आहे. अनुवाद 17:6-7 प्रमाणे एकाच्या साक्षीवर देहदंड नाही. दोन किंवा तीन साक्षीदार लागतात, आणि शिक्षा देताना पहिला हातही त्यांनीच उचलायचा. कुराण (24:4) चार साक्षीदार मागतं. ते आणता आले नाहीत तर आरोप करणाऱ्यालाच 80 फटके. मोबाइलमधले मेसेज दाखवून ‘शिक्षा द्या’ म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं. शिवाय कुराणात (24:2) शिक्षा 100 फटक्यांची आहे. दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींतून, येते. ही गल्लत फार होते.

शिक्षा द्यायची कुणी, हेही विचारा. ज्यू परंपरेनुसार इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्याच्या 40 वर्षं आधीच ज्यूंच्या सर्वोच्च न्यायसभेचे देहदंडाचे खटले थांबले होते.

ख्रिस्ती लोक योहान 8 पुढे करतात: व्यभिचारात पकडलेल्या बाईला येशू दगडांपासून वाचवतो. पण तो प्रसंग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. 1 करिंथ 5 जास्त भक्कम: तिथे मंडळीतून (चर्चमधून) बाहेर काढणं आहे, दगड नाहीत.

शेवटी देशाचा कायदा बघा. इराणच्या दंडसंहितेत दगडांची शिक्षा आजही आहे.