संथ जपानी बीएल कशी बघावी: मुरवलेलं कुठे, पाणी घातलेलं कुठे

धड आवडली म्हणवत नाही आणि धड सोडवतही नाही, अशी अवस्था संथ जपानी बीएल (बॉइज लव्ह, म्हणजे दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या) मालिका बघताना चौथ्या-पाचव्या भागाला हमखास येते. याचं कारण असं की एकाच मालिकेत दोन तऱ्हेचा संथपणा असतो. एकात काहीतरी सरकत असतं, पण आवाज न करता. दुसऱ्यात नुसतं पाणी घातलेलं असतं. हे दोन वेगळे काढता आले की नक्की काय खुपतंय ते कळतं.

आधी वेळेचा हिशेब. या मालिका बहुतेक रात्री उशिराच्या अर्ध्या तासात लागतात. जाहिराती वजा केल्या की एक भाग साधारण 24 मिनिटांचा. 12 भाग धरले तरी पाच तास भरत नाहीत. थाई बीएलचा एकेक भाग बऱ्याचदा 45 मिनिटांच्या पुढे जातो, म्हणजे तेवढ्या वेळात तिथे जेमतेम निम्मी मालिका होते. तेव्हा 'किती ताणलंय' असं वाटलं, तर दोष लांबीत शोधू नका.

एका बैठकीत दोनच भाग बघा. लिखाण आठवड्याला एक भाग या बेताने केलेलं असतं, म्हणून मागच्या भागाचं शेवटचं दृश्य पुढच्याच्या सुरुवातीला पुन्हा येतं. सहा भाग सलग लावले की तीच उजळणी डोक्यात जाते. आणि वेग 1.5 वर नेऊ नका. दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेला जपानीत 'मा' म्हणतात. वेग वाढवला की पहिला बळी तिचाच जातो.

आता कान लावायची जागा: हाक. सुरुवातीला दोघं एकमेकांना आडनावाला 'सान' किंवा 'कुन' हे आदराचे, औपचारिक प्रत्यय जोडून बोलावतात. पुढे कधीतरी एकजण नुसतं नाव घेतो, आणि समोरच्याचा हात चहाच्या कपावर क्षणभर थांबतो. त्या भागातली खरी घटना तेवढीच. इंग्रजी सबटायटलमध्ये अनेकदा पहिल्यापासून नावच लिहिलेलं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला 'काहीच घडलं नाही' असं वाटतं. वाक्याच्या शेवटचे 'देस', 'मास' हे आदरार्थी शेवट गळाले की तेही टिपा. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं म्हणजे काय, हे मराठी कानाला वेगळं सांगायला नको. 'सुकी' हा शब्द तर 'आवडतं' आणि 'प्रेम आहे' या दोन्हींच्या मध्ये उभा असतो. बोलणारा त्याच्याआड लपू शकतो. 'कोकुहाकु', म्हणजे स्पष्ट कबुली, झाल्यावरच नातं सुरू झालं असं मानलं जातं. म्हणून तिला सहा-सात भाग लागले तर ती टाळाटाळ असेलच असं नाही.

प्रत्येक भागानंतर एक ओळ लिहून ठेवा: आज काय बदललं? सलग दोन भागांसमोर काहीच लिहिता आलं नाही, तर पाणी घातलंय. तोच फ्लॅशबॅक तिसऱ्यांदा आला, तरी तेच. एका वाक्यात मिटणारा गैरसमज तीन भाग चालला, तर तो मिटवायला पात्राला कोण अडवतंय ते शोधा. अडवणारं खरं असू शकतं: जपानमध्ये समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नाही, शिबुया आणि सेतागाया या तोक्योतल्या प्रभागांनी 2015 मध्ये जोडीदार म्हणून नोंद द्यायला सुरुवात केली, पण तो विवाह नव्हे. 2019 च्या 'किनो नानी ताबेता?' ('काल काय खाल्लंस?') या मालिकेत वकील शिरो ऑफिसात स्वतःबद्दल बोलत नाही. त्याचा जोडीदार केंजी मात्र तो काम करतो त्या सलूनमध्ये मोकळेपणाने बोलतो. तिथली लांबच लांब स्वयंपाकाची दृश्यं त्यामुळे भरणा वाटत नाहीत. बाहेर जे बोलता येत नाही, ते घरात ताटावर येतं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच: संकोच पात्राचा आहे की कॅमेऱ्याचा? 2020 च्या 'चेरी मॅजिक' मालिकेत नायक आदाचीला स्पर्श झाला की समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं. शांततेतही मनातला आवाज चालू राहतो, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. पण बाराव्या, शेवटच्या भागात तो आणि त्याचा प्रियकर लिफ्टमध्ये जवळ येतात आणि ओठ भेटायच्या आधी दारं मिटतात. तोवर दोघांचाही संकोच गेलेला असतो. मागे हटतो तो कॅमेरा. इथे राग येणं रास्त आहे, आणि त्याने आधीच्या अकरा भागांची गोडी खोटी ठरत नाही. मत मांडताना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत, भागाच्या क्रमांकासह लिहा. 'जरा स्लो आहे' एवढ्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही.

सोडायचीच असेल तर तिसऱ्या भागानंतर सोडा. फक्त मधले भाग गाळून शेवटाकडे उडी मारू नका, कारण शेवटच्या भागात घडणारी गोष्ट पुष्कळदा एक हाकच असते, आणि आधीची सगळी 'सान', 'कुन' ऐकली नसतील तर ती नुसतं नाव वाटते.