ऑनलाइन गेमच्या बातमीवर मत लिहिण्यापूर्वी

ऑनलाइन गेमविषयी एखादी बातमी आली की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एकाचे म्हणणे असते की पोरे बिघडली, सगळे बंद करून टाका. दुसऱ्याचे म्हणणे असते की सरकारला दुसरे उद्योग राहिलेले नाहीत. दोन्हींत तथ्याचा अंश असतो, पण आपण नेमके कशाविषयी बोलत आहोत हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नसल्यामुळे दोन्ही मते फारशी कामाची राहत नाहीत. वर्तमानपत्रातील वाचकपत्रासाठी, ग्रंथालयातील चर्चेसाठी किंवा रात्रीच्या जेवणाच्या वेळी होणाऱ्या वादासाठी ज्यांना या विषयावर स्वतःचे, टिकाऊ मत तयार करायचे आहे, त्यांच्यासाठी मी माझी पद्धत येथे मांडतो. उदाहरण मुख्यतः २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याचे घेतले आहे, कारण अलीकडे एवढ्या घाईने एवढी मते दुसऱ्या कोणत्याही तंत्रविषयक कायद्यावर व्यक्त झालेली मला आठवत नाहीत.

सर्वप्रथम ‘गेम’ हा शब्द फोडावा. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या तक्रारी नांदतात: पैसा जातो, वेळ जातो आणि खासगी माहिती जाते. रमीच्या ॲपवर पगार उडवणारा गृहस्थ, रात्री दोन वाजेपर्यंत ‘बीजीएमआय’ हा लढाईचा मोबाइल गेम खेळणारा बारावीचा विद्यार्थी आणि आपल्या फोनमधील संपर्कयादी कोणत्या देशातील सर्व्हरवर पोहोचते आहे याची कल्पना नसलेली गृहिणी, या तिघांचे दुखणे एक नाही आणि त्यामुळे औषधही एक असू शकत नाही. कागदावर पहिली ओळ लिहिण्यापूर्वी समासात ‘पैसा’, ‘वेळ’ किंवा ‘माहिती’ यांपैकी एक शब्द लिहून ठेवावा आणि लेखन संपेपर्यंत त्याकडे पाहत राहावे.

हे शहाणपण मला स्वतःच्या फजितीतून आले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा मी त्याच संध्याकाळी एका दैनिकाला पत्र लिहून, मुलांना व्यसनातून सोडवल्याबद्दल सरकारचे अभिनंदन करून टाकले. ते छापून आल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी फोन करून शांतपणे विचारले, “आदेशात व्यसनाचा उल्लेख कुठे आहे, तेवढे सांगाल का?” तो कुठेच नव्हता. बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली होती आणि तिची कारणे देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही होती. म्हणजे प्रश्न माहितीचा होता आणि मी पत्र ‘वेळ’ या तक्रारीविषयी लिहिले होते. पुढे २०२१ च्या जुलैमध्ये जवळजवळ तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने भारतात परत आला, तेव्हा माझ्या अभिनंदनाचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यानंतर मूळ मजकूर वाचावा, आणि त्यातही व्याख्या आधी वाचाव्यात. २०२५ चे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमत झाले, २१ ऑगस्टला राज्यसभेने त्याला मान्यता दिली आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. तीन दिवसांत कायदा झाला म्हणून आपले मतही तीन तासांत व्हायला हवे, असे मात्र नाही. या कायद्याने खेळांचे तीन गट केले आहेत: ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशांचे खेळ. बंदी केवळ तिसऱ्या गटावर आहे. स्पर्धेसाठी नोंदणी शुल्क घेणाऱ्या आणि कामगिरीनुसार बक्षीस देणाऱ्या ई-स्पोर्ट्सना कायदा मान्यता देतो; वर्गणी भरून खेळायचा साधा खेळही त्याला चालतो, मात्र भरलेली रक्कम ही पणाला लावलेली रक्कम असता कामा नये. शिक्षा पाहिल्या तर पैशांचा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थाही त्यातून सुटत नाहीत. केवळ खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. ‘आता रमी खेळणाऱ्या पोरांना पोलीस धरून नेणार’ अशा अर्थाची जी पत्रे तेव्हा वाचायला मिळाली, ती लिहिणाऱ्यांनी हा मजकूर पाहिलाच नव्हता, हे उघड आहे.

मजकूर वाचून झाला की त्यामागचा इतिहास थोडासा तरी चाळावा, कारण ‘रमी हा कौशल्याचा खेळ आहे, न्यायालयानेच तसे सांगितले आहे’ हे वाक्य प्रत्येक चर्चेत हमखास येते. ते खरे आहे, पण अर्धे. जुगारविरोधी जुने कायदे, मग तो १८६७ चा केंद्रीय असो की आपल्या मुंबई इलाख्याचा १८८७ चा, निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतात. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘ड्रीम ११’च्या फँटसी क्रिकेटविषयी, म्हणजे खऱ्या सामन्यातील खेळाडूंचा आपला कल्पित संघ निवडण्याच्या खेळाविषयी, तशीच भूमिका घेतली. मात्र १९६८ च्याच निकालात न्यायालयाने असेही नमूद केले होते की पणाला लावलेल्या रकमांतून क्लबचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा ठरू शकतो. रमीची बाजू घेणारे हे वाक्य सहसा उद्धृत करीत नाहीत. नव्या कायद्याने तर कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असेल तर तो पैशांचा खेळ, एवढीच कसोटी धरली. त्यामुळे ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी रमीतील बुद्धिकौशल्याचे गोडवे गाण्याऐवजी, संसदेला असा सरसकट निर्बंध घालता येतो का आणि जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असताना केंद्राने त्यात कितपत शिरावे, या प्रश्नांवर लिहावे. कायद्याला आव्हान देणाऱ्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतल्या. अशा विषयावर लिहिताना आपली माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे, ते लेखातच सांगून टाकावे.

आता आकड्यांकडे वळू, कारण गफलत सर्वाधिक तेथेच होते. विधेयक आले त्या सुमारास सरकारी अंदाज म्हणून सर्वत्र छापले गेले की सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात. एवढा मोठा आकडा दिसला की आपण तो तसाच उचलतो. त्याऐवजी साधा भागाकार करावा: माणशी वर्षाला साधारण ४४४ रुपये, म्हणजे महिन्याला ३७ रुपये. एवढ्या रकमेसाठी कोणी देशोधडीला लागत नाही, आणि तरीही घरे बुडाल्याच्या कहाण्या खऱ्या आहेत. याचा अर्थ सरासरीने येथे काहीतरी झाकले आहे: बहुसंख्य लोक किरकोळ रक्कम घालवतात आणि थोडे लोक लाखो रुपये. आणखी एक गोष्ट अशी की ४५ कोटी म्हणजे देशाच्या जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या. तान्ही बाळे आणि नव्वदीचे आजोबा जमेस धरूनही दर तिसरा माणूस पैसे लावून खेळतो, हे आपल्या गल्लीत, कार्यालयात पटते का, ते पाहावे. आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. ज्याच्या आधारावर आपण मत उभे करणार, तो आकडा वाजवून घ्यावा, एवढेच म्हणतो. बाजारात नारळ घेतानाही आपण तेवढे करतोच.

याउलट, जो हिशेब कोणत्याही सरकारी अंदाजाशिवाय स्वतः मांडता येतो, तो फारसे कोणी मांडत नाही. समजा, खेळाडूंनी मिळून १०० रुपये पणाला लावले आणि चालवणाऱ्याने १० रुपये आपले म्हणून कापून ९० रुपये विजेत्यांत वाटले. तेच पैसे पुन्हा डावावर आले की ८१ उरतात, मग सुमारे ७३, आणि दहाव्या फेरीअखेर साधारण ३५. कोण किती हुशारीने खेळला याच्याशी या घसरणीचा संबंध नाही. कौशल्यामुळे फक्त उरलेले ३५ रुपये कोणाच्या खिशात जातील हे ठरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनेही खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला, जो त्यापूर्वी हे खेळ चालवणाऱ्या कंपन्या केवळ आपल्या कमिशनवर १८ टक्क्यांनी भरत असत. म्हणजे गळतीला आणखी एक भोक पडले, आणि त्याखाली भांडे सरकारने धरले. पैशांच्या खेळावर लिहिणाऱ्याने हा हिशेब आपल्या आवडत्या ॲपच्या प्रत्यक्ष कपातीचा दर घालून एकदा तरी कागदावर करावा.

येथेच शेजारच्या उदाहरणावर आपले मत घासून पाहण्याची पायरी येते. पैसे लावण्याला तुमचा तात्त्विक विरोध असेल, तर १९६९ पासून आपले राज्य सरकारच लॉटरी चालवते, महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती होतात आणि पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे परवाना घेऊन उभी आहेत, त्यांचे काय करायचे, याचे उत्तर द्यावे लागेल. आणि बंदीने काही होत नाही असे तुमचे मत असेल, तर मुंबईच्या मटक्याकडे पाहावे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या सट्ट्यातून तो १९६० च्या दशकात वाढला, कायद्याने कधीच मान्य झाला नाही आणि पूर्ण संपलाही नाही. मात्र बंदी असल्यामुळेच त्याची जाहिरात कधी भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकली नाही, हा फरक छोटा नाही.

वेळेच्या तक्रारीविषयी लिहिताना ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही लक्षणे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसावी लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत रोज पाच तास खेळणारा भाचा या व्याख्येत बसत नाही. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ दिला. तसा उपाय आपल्याकडे हवा असे वाटणाऱ्यांनी वयाची पडताळणी कोणत्या कागदपत्रावर करायची तेही लिहावे, कारण तेथे प्रश्न पुन्हा माहितीच्या खात्यात जातो.

भीतीच्या बातमीवर तर आठ दिवस काहीच लिहू नये. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित खेळामुळे मुले जीव देत असल्याच्या बातम्यांनी पालकांची झोप उडाली होती. शाळांनी परिपत्रके काढली, अग्रलेख झाले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की, तपासलेल्या कोणत्याही प्रकरणात त्या खेळाचा संबंध सिद्ध करता आलेला नाही. तोवर ज्या घरांतील मुले गेली होती, त्यांच्या दुःखाची खरी कारणे कोणी विचारलीच नव्हती. अशा प्रसंगावर लिहायचेच असेल तर मुलाचे नाव, गाव, शाळा आणि मृत्यूचा तपशील गाळावा आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. पैशांची फसवणूक झालेल्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, तोही लेखाच्या शेवटी छापायला जागा लागत नाही.

व्यक्तीवर घसरणे हा आणखी एक मोह असतो. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत पसरली, त्यांनी तो आरोप नाकारला, आणि महिनाअखेर त्यांचे खाते बदलले. पंधरा दिवस महाराष्ट्र त्या काही सेकंदांवर बोलत राहिला, पण त्या निमित्ताने रमीच्या ॲपच्या जाहिरातींवर राज्याने काय करावे, हा प्रश्न विचारणारी पत्रे मला दोन-तीनच वाचायला मिळाली.

प्रत्यक्ष लिहिताना आधी तथ्य, मग मत आणि शेवटी आपले मत कशाने बदलेल ते, असा क्रम ठेवावा. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, कारण तो लिहिताना आपल्याच बाजूतील पोकळी दिसू लागते. लेख एक रात्र तसाच ठेवावा आणि सकाळी समासातील शब्दाशी ताडून पाहावा. या पद्धतीने तयार झालेले माझे स्वतःचे वाचकपत्र नमुन्यादाखल देतो. त्याच्या समासात ‘पैसा’ लिहिले होते.

“महोदय, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला ठेवला, हे मला योग्य वाटते, कारण प्रत्येक डावातून होणारी कपात खेळाडूच्या हुशारीने थांबत नाही. मात्र हाच न्याय राज्याच्या लॉटरीला का लागू नये, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे. मुलांचा मोबाइलवर जाणारा वेळ या कायद्याने कमी होणार नाही. त्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. बंदीनंतर खेळणारे लोक परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या ॲपकडे वळले आणि त्यांचे नुकसान वाढले, असे आकडेवारीने दिसले, तर मी माझा पाठिंबा मागे घेईन आणि कडक परवाना, जमा रकमेवर मासिक मर्यादा आणि जाहिरातींवर पूर्ण बंदी या मार्गाच्या बाजूने लिहीन.”